निजेला गोळी



'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ज्याने ती केली, त्याची पाळी दर आठवड्याला बदलत नसावी. आम्ही काही डॉक्टर नाही. शाळाही सातवीतच सुटली. युनियनच्या कचेरीत माणसांची गाऱ्हाणी ऐकली, आणि जे समजले नाही ते जाणत्यांना विचारून, वाचून समजून घेतले. तेवढ्याच अधिकारावर झोपेच्या गोळ्यांविषयी चार शब्द बोलतो.

काही वर्षांपूर्वी आमचा एक सभासद प्रेसवर पेंगताना सापडला. हात थोडक्यात वाचला, पण आरोपपत्र हाती पडले. त्याची रातपाळी नुकतीच संपून सकाळपाळी लागली होती. खोदून विचारले तेव्हा म्हणाला, "भाऊ, झोप येईना म्हणून शेजारच्या काकूंची गोळी रात्री दोनला घेतली, अन् सहाला कामावर आलो." आम्ही त्याला चार बोल सुनावले. घरी आल्यावर मात्र आमचीच आम्हाला लाज वाटली. टाळेबंदीच्या दिवसांत आम्हीही तीन महिने गोळी घेत होतो, आणि हे कोणाला सांगितले नव्हते. एके दिवशी हट्टाने ती एकदम सोडली. झोप तर गेलीच, वर हात कापू लागले, छाती धडधडू लागली. डॉक्टर रागावले. त्यांनी मात्रा हळूहळू, कित्येक आठवड्यांत उतरवली, तेव्हा सुटका झाली. पुढच्या सभेत हे सारे आम्ही उभे राहून सांगितले. सभा संपल्यावर सातजण बाजूला येऊन म्हणाले, "आमचेही तसेच आहे."

मंडळी, गोळी वाईट नाही. वाईट आहे ती चोरून घेणे. विसाव्या शतकाच्या आरंभी बार्बिट्युरेट गोळ्या आल्या. मात्रा जरा चुकली की माणूस उठतच नसे. 1960 पासून लिब्रियम आणि तिच्या जातीच्या गोळ्या आल्या. त्या निर्धोक मानल्या गेल्या, पण त्यांची सवय लागते हे मागाहून कळले. अमेरिकेच्या औषध खात्याने 2020 साली या जातीच्या गोळ्यांवर सवयीचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला. झोल्पिडेमचा अंमल सकाळीही उरतो, म्हणून 2013 साली त्याच खात्याने बायकांसाठी तिची मात्रा दहावरून पाच मिलिग्रॅमवर आणली. आपल्याकडे 2014 पासून अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्या 'एच-१' यादीत आहेत. दुकानदाराला रोग्याचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवावी लागते. तेव्हा तो चिठ्ठी मागतो म्हणून त्याच्याशी भांडू नका. तो तुमचीच राखण करतो.

आता व्यवहाराचे बोलू. दुसऱ्याची गोळी घेऊ नये, आपली दुसऱ्याला देऊ नये. पुढे सात-आठ तास झोपायला मोकळे असतील तरच घ्यावी, आणि घेतली की अंथरूण गाठावे. एकीने झोप लागली नाही म्हणून दुसरी घेऊ नये. दारू आणि ही गोळी एकत्र म्हणजे श्वासाशी खेळ. फार घोरत असाल, वेदनाशामक किंवा इतर औषधे चालू असतील, पोटुशी असाल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. म्हातारी माणसे रात्री उठताना तोल जाऊन पडतात, मांडीचे हाड मोडते. त्यांना विशेष जपावे. सकाळी डोके जड असेल तर गाडी आणि यंत्र यांना हात लावू नये. गोळी थोड्या दिवसांची पाहुणी. मुक्काम लांबला तर डॉक्टरांकडे जावे, पण आपल्या मनाने एकदम बंद करू नये. तसे केल्याने झटकेही येतात.

जुन्या निद्रानाशावर पहिला उपाय गोळी नव्हेच. रोज ठरल्या वेळी उठणे, झोप आली तरच आडवे होणे, झोपेविषयीची धास्ती घालवणे, हे तज्ज्ञाकडून शिकून घेता येते. अमेरिकेतील वैद्यांच्या मोठ्या संस्थेने 2016 साली हाच उपाय पहिला सांगितला.

पण पाळी बदलणाऱ्याने ठरल्या वेळी उठायचे कसे? म्हणून आम्ही त्या चौकशीत दोन गोष्टी मागितल्या: त्या माणसाला काही दिवस यंत्रापासून दूरचे काम, आणि पाळी बदलताना मध्ये पुरती विश्रांती. पहिली मिळाली. दुसरीसाठी अजून भांडतो आहोत. झोप ही हक्काची रजा नव्हे, ती माणसाची भाकरी आहे. ती गोळीने उसनी मिळते. परतफेड मात्र अंगातून करावी लागते.