आश्विनातली नवलाई
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



मराठी पाठ्यपुस्तकातला आश्विन आणि दिल्लीच्या खिडकीबाहेरचा आश्विन यांचे पहिल्या भेटीत जमत नाही. सूर्य हस्त नक्षत्रात शिरतो तो २७ सप्टेंबरच्या सुमारास. महाराष्ट्रात तेव्हा पाऊस अजून निरोपाच्या गोष्टी करीत असतो; मुंबईतून तो सरासरीने ८ ऑक्टोबरच्या आसपास परततो. दिल्लीतून मात्र त्याची पाठवणी २५ सप्टेंबरच्या सुमारासच झालेली असते. हस्ताचा हत्ती सोंडेने पाणी ओततो, असे वर्गात शिकून आलेले मूल घरी येऊन कोरड्या निळ्या आकाशाकडे पाहते आणि विचारते, ‘मग आपला हत्ती कुठे गेला?’

प्रश्न बालिश वाटला तरी त्याचा रोख खोल आहे. महाराष्ट्राबाहेर राहून मुलाला मराठी शाळेत घालणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी तो निराळ्या शब्दांत ऐकलेला असतो. जिथले पाऊसपाणी निराळे, झाडे निराळी, शेजारी महिन्याचे नावही निराळे घेतो, तिथे ही भाषा मुलाच्या कोणत्या कामाची? या प्रश्नाला सिद्धान्ताने उत्तर देण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले आहेत. येथे फक्त शरदातल्या काही लहानसहान गोष्टींकडे पाहायचे आहे.

पहिली गोष्ट त्या हत्तीचीच. पाऊस नसला तरी भोंडल्याचा पाट चुकत नाही. पाटावर रांगोळीने वा खडूने हत्ती उमटतो, त्याला झूल चढते, भोवती मुली फेर धरतात. ज्या पावसाला उद्देशून हा हत्ती मांडायचा तो केव्हाच निघून गेला आहे, याचे फेरातल्या कोणालाही दुःख नसते. कारण साऱ्यांचे डोळे कोपऱ्यातल्या झाकलेल्या डब्यावर असतात. खिरापत ओळखणे हा मराठी बालपणातला नवलाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा प्रकार होय. डबा हलवून आवाज ऐकायचा, गोड की तिखट ते विचारायचे, तर्क लढवायचे. परगावी या खेळाला एक जादा पेच मिळाला. आश्विनात दिल्लीच्या हातगाड्यांवर ओले शिंगाडे येतात, हिरवे, तांबूस, काळसर, दोन्ही बाजूंना शिंगे असलेले. पुण्यामुंबईकडच्या पुष्कळ घरांत शिंगाडा ठाऊक असतो तो उपवासाच्या पिठाच्या रूपाने. ते पीठ एका पाण्यातल्या फळाचे आहे, आणि त्या फळाचे नाव त्याच्या रूपावरून पडले आहे, हे एखाद्या मुलीला खिरापतीचा डबा उघडल्यावर कळते. शब्द आधीपासून तिच्या तोंडी होता, वस्तू त्या दिवशी हाती आली.

त्याच संध्याकाळी बाहेर गल्लीत, आता क्वचितच, पण ब्रज आणि दिल्लीच्या जुन्या वस्त्यांतून अजूनही, मुलगे ‘टेसू’ घेऊन फिरतात. तीन काड्यांच्या पायांवर उभा केलेला मातीच्या तोंडाचा वीर, त्याच्याजवळ पणती, आणि गाणी बहुतेक अर्थहीन, केवळ यमकासाठी जुळवलेली. मुली छिद्रे पाडलेल्या मडक्यात दिवा ठेवून ‘झांझी’ मिरवतात. शरद पौर्णिमेला या दोघांचे लग्न लागते. खानदेशात आणि विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई आणि भुलोजी मांडले जातात. त्यांची गाणीही तशीच वेडीवाकडी, अर्थापेक्षा ठेक्याला जपणारी. भुलाबाई ज्या घरात ठाऊक आहे त्या घरातल्या मुलाला झांझी परकी वाटत नाही. ज्याला दोन्ही ठाऊक नाहीत, त्याच्या दारावरून मात्र एक गंमत न थांबता पुढे निघून जाते.

दसऱ्याला खरी पंचाईत होते ती आपट्याची. ‘सोने घ्या’ म्हणायचे तर सोने हवे, आणि आपटा दिल्लीत सहजासहजी सापडत नाही. मग कोणीतरी रस्त्याच्या कडेच्या कचनाराची पाने आणतो. पान आपट्यासारखेच मधोमध चिरलेले, फक्त आकाराने मोठे आणि अंगाने पातळ. कडक मंडळी नाक मुरडतात. महाराष्ट्राच्या बाजारातही आपटा म्हणून हेच पान खपवले जाते तेव्हा ते मुरडणे योग्यच असते, कारण तिथे ती फसवणूक असते. परगावी मात्र ती सोयरीक आहे, आणि तीही शास्त्रशुद्ध : आपटा आणि कचनार ही दोन्ही झाडे बाउहिनिया या एकाच कुळीतली. शार्ल प्लुमिएने हे नाव झां आणि गास्पार बोएँ या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांच्या सन्मानार्थ दिले. जुळलेल्या दोन पाळ्यांचे पान म्हणजे दोन भाऊ. आणि कचनार म्हणजे तरी काय? संस्कृतातला कांचनार, मराठीतला कांचन. कांचन म्हणजे सोने. आपट्याला सोने म्हणावे लागते. बदली म्हणून आणलेल्या झाडाच्या नावातच ते निघाले. मूल मराठी शिकत असेल तर हा शोध त्याचा त्याला लागतो, कोणी सांगावा लागत नाही.

महिन्यांच्या नावांचा घोळ तर याहून मजेचा. पितृपक्षात मराठी घरातल्या कालनिर्णयावर भाद्रपद वद्य चालू असतो आणि भिंतीपलीकडच्या घरात आश्विन लागलेला असतो. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना पंधरा दिवस दोन महिने नांदतात. घटस्थापनेला दोन्ही घरे पुन्हा एका महिन्यात येतात, कोजागरीपर्यंत सुखाने एकत्र राहतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटा फुटतो : इकडे आश्विन वद्य, तिकडे कार्तिक कृष्ण. दिवाळीची अमावास्या मराठी घरात आश्विनाची आणि शेजारी कार्तिकाची. तिथी मात्र तीच, चंद्रही तोच. एक पंचांग महिना अमावास्येला संपवते, दुसरे पौर्णिमेला. चूक कोणाचीच नाही. शाळेतून आलेले मूल शेजारच्या मित्राशी यावरून भांडते, दोघांचे आजीआजोबा आपापले पंचांग काढतात, आणि दोन्ही बरोबर असू शकतात हे दहाव्या वर्षी त्या दोघांना कळते. पुष्कळांना ते साठाव्या वर्षीही कळत नाही.

मग या सुमारास एका संध्याकाळी सातवीण फुलते. दिल्लीच्या रस्त्यांवर ही झाडे पुष्कळ लावली आहेत. दिवसा त्या हिरवट पांढऱ्या झुबक्यांकडे कोणाचे लक्षही जात नाही. काळोख पडला की असा घमघमाट सुटतो की बसमध्ये बसलेला माणूस खिडकीकडे मान वळवतो. काहींचे या वासाने डोके दुखते, तेही खरेच आहे. एका पेरापाशी बहुधा सात पाने, म्हणून संस्कृतात सप्तपर्ण आणि मराठीत सातवीण. वनस्पतिशास्त्रातले तिचे नाव ‘आल्स्टोनिया स्कोलॅरिस’. यातला दुसरा शब्द शाळेशी नाते सांगतो, कारण तिच्या हलक्या लाकडाच्या पाट्या पूर्वी मुले लिहायला वापरीत. शांतिनिकेतनात विश्वभारतीच्या पदवीदान समारंभात पूर्वी विद्यार्थ्याच्या हाती हिचीच पाने देत. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांतून सरस्वती रेखाटणाऱ्या मुलांच्या शाळेबाहेर ज्या झाडापासून पाटी व्हायची तेच झाड नेमके त्या दिवसांत फुलावे, हा योगायोग आहे. पण योगायोग लक्षात यायलाही दोन्ही गोष्टींची नावे यावी लागतात.

पांढरा धोबीही याच दिवसांत येतो. थंड मुलखातून उतरलेला हा लहानसा पक्षी हिरवळीवर तुरुतुरु पळतो आणि शेपूट सारखी वरखाली आपटतो, जणू कपडे धूत आहे. संस्कृतात हा खंजन. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त त्याच्या दर्शनाच्या शुभाशुभावर वेगळा अध्याय लिहिला आहे. मधल्या सुटीत पटांगणावर तो दिसला तर मुले शुभाशुभ पाहत नाहीत, त्याच्यामागे धावतात. यमुनेचा पूर ओसरून वाळवंटावर काशाचे गवत पांढरे झाले की पुलावरून जाणाऱ्या गाडीतून ते दूरवर हलताना दिसते. कालिदासाच्या नावावर असलेल्या ‘ऋतुसंहारा’तल्या तिसऱ्या सर्गातला शरद तो हाच, पुण्यामुंबईच्या वाट्याला त्या महिन्यात ऑक्टोबरचा उकाडा येतो. म्हणजे पुस्तकातले काहीच येथे दिसत नाही ही तक्रार पुरती खरी नव्हती. काही गोष्टी येथेच अधिक दिसतात.

कोजागरीचे मात्र पूर्वीसारखे राहिलेले नाही. मराठी घरांत गच्चीवर दूध आटते, केशर, वेलदोडे, चारोळी पडते, आणि पेल्यात चंद्र दिसल्याखेरीज ओठाला लावायचे नाही असा मुलांचा आग्रह असतो. अधिक आश्विन आलेल्या २०२० साली कोजागरी ३० ऑक्टोबरला पडली. तोवर पंजाब-हरियाणातल्या भातशेतीचे खुंट जाळल्याचा धूर साचू लागण्याचे दिवस आलेले असतात. ज्या ऋतूची ओळखच निरभ्र आकाश, त्याच्या पौर्णिमेला मुलांनी चंद्र शोधत बसावे, ही खंत लहान नाही. कोजागरी लवकर आली तर तो स्वच्छ मिळतो, उशिरा आली तर पिवळट. मुले तरीही पेला हलवून हलवून त्याला दुधात उतरवतात.

त्याच रात्री घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळतात. पाठचे भावंड दरवर्षी त्याच कारणासाठी रुसते आणि दरवर्षी त्याला साईचा मोठा वाटा देऊन गप्प केले जाते. शेजारच्या घरी तेव्हा खीर चांदण्यात जाळीखाली ठेवलेली असते. ती ते सकाळी खातात. उजाडता उजाडता भिंतीवरून त्या खिरीची वाटी येते. वाटी रिकामी परत करायची नसते. आई खिरापतीच्या डब्यात काय उरले आहे ते पाहते, वाटी भरते, वर ताटली झाकते आणि मुलाच्या हाती देते. मूल शेजारच्या दारात उभे राहते, वाटी कानाशी धरून हलवते आणि विचारते, ‘ओळखा.’