शिवलेली कंडरा हललीच पाहिजे

आधी आपण सगळेच एक छोटी कृती करू या. डाव्या हाताचं मधलं बोट सरळ ठेवा, त्याचं मधलं पेर उजव्या हाताच्या चिमटीत घट्ट धरा आणि फक्त टोकाचं पेर वाकवा. वाकलं? ते काम खोल कंडरेचं, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या आतल्या दोरीचं. आता बाकीची तीन बोटं सरळ दाबून धरा आणि मधलं बोट वाकवा. मधला सांधा वळेल, टोकाचं पेर मात्र सैल राहील. हे काम वरच्या कंडरेचं. या दोन्ही कंडरांना ओढणारे स्नायू बोटात नाहीतच, ते कोपराखाली आहेत.

बोटात शिरताना या दोघी एकाच अरुंद बोगद्यातून जातात. आत वरची कंडरा दुभंगते आणि खोल कंडरा तिच्यामधून पुढे निघते. बोगद्यावर जागोजागी आडवे पट्टे असतात. त्यांना आम्ही पुली म्हणतो. त्या कंडरेला हाडालगत धरून ठेवतात, आणि दुसऱ्या व चौथ्या पुलीचं महत्त्व सगळ्यांत मोठं. कंडरा मधल्या सांध्याच्या केंद्रापासून सात-आठ मिलिमीटरवर असते. सांधा काटकोनात वळायला तिला साधारण बारा मिलिमीटर सरकावं लागतं. पुली तुटून कंडरा हाडापासून उचलली गेली, अंतर दुप्पट झालं, तर सरकणंही दुप्पट हवं. स्नायूची तेवढी ओढ नसते, म्हणून मूठ अर्धीच राहते.

तळव्याच्या पुढच्या घडीपासून मधल्या पेराच्या मध्यापर्यंतचा हा पट्टा अमेरिकन शल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी 'नो मॅन्स लँड' ठरवला होता. इथे कंडरा लगेच शिवू नका, कातडी मिटवा आणि नंतर दुसऱ्या जागची कंडरा बसवा, असा त्यांचा सल्ला. त्यांचं निरीक्षण खरं होतं. शिवलेली कंडरा बोगद्याच्या भिंतींना चिकटायची आणि बोट काठीसारखं ताठ व्हायचं. पुढे लोझानचे क्लॉद वेर्दां आणि लुइव्हिलचे हॅरोल्ड क्लायनर्ट यांनी इथेच लगेच टाके घालून चांगले निकाल दाखवले. क्लायनर्टनी १९६७मध्ये आपले रुग्ण मांडले तेव्हा ऐकणाऱ्यांना ते पटेना. त्यांची युक्ती साधी होती. नखाला रबर बँड बांधायचा. रुग्णाने बोट स्वतः सरळ करायचं, वाकवायचं काम रबराने करायचं. कंडरा सरकते, पण टाक्यावर स्नायूची ओढ येत नाही. १९७५मध्ये शल्यविशारद ड्युरान आणि हाउझर यांनी सांगितलं की तीन ते पाच मिलिमीटर सरकणंही चिकटणं टाळायला पुरतं.

मग टाका किती मजबूत हवा? १९९२मध्ये संशोधक शुइंड आणि सहकाऱ्यांनी मनगटाच्या शस्त्रक्रियेत, रुग्ण जागे असताना, कंडरेवरचा ताण प्रत्यक्ष मोजला. दुसऱ्याने बोट हलवलं तर एक किलोच्या आत, स्वतः सहज वाकवलं तर साडेतीन किलोपर्यंत, बोटांच्या टोकांनी जोरात चिमटा घेतला तर बारा किलोपर्यंत. दोन पदरी टाका, म्हणजे जोडातून दोरा दोनदा जाणारा, साधारण दोन-तीन किलो पेलतो, चार पदरी चार-पाच. वर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत टाक्याची पकड सैलावते. म्हणून आज आम्ही चार किंवा सहा पदर घालतो, तुटल्या टोकापासून सात ते दहा मिलिमीटर आत, आणि कडेने बारीक धावता टाका. आणखी पदर घातले की जोड जाड होतो आणि पुलीखाली अडतो. ताकद आणि सरकणं यांच्यातली ही ओढाताणच सगळ्या कलेचा गाभा आहे. संशोधक गेल्बर्मन यांच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांत, टोकांमधली फट तीन मिलिमीटरहून मोठी झाली तर जोड पुढे बळकटच होत नव्हता.

कॅनडाचे डॉन लालोंड यांनी एक फार मोलाचं काम केलं. रुग्णाला भूल न देता नुसत्या जागेपुरत्या बधिरतेत कंडरा शिवायची आणि टेबलावरच त्याला बोट वाकवायला सांगायचं. फट पडते का, जोड पुलीला अडतो का, हे डोळ्यांसमोर दिसतं. अडला तर पुलीचा थोडा भाग मोकळा करायचा आणि कातडी मगच शिवायची. मला ही पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण रुग्णाला स्वतःचं बोट हलताना दिसतं. पुढचे कित्येक आठवडे व्यायाम करण्याचं धैर्य त्याला तिथूनच मिळतं. सूज उतरल्यावर, तीन ते पाच दिवसांनी, अर्ध्या मुठीपर्यंत हालचाल सुरू होते. पूर्ण जोर तीन महिन्यांनी. प्लॅस्टरमध्ये महिनाभर बंद ठेवलेली शिवलेली कंडरा मोठ्यांच्या हातात सहसा चिकटलेलीच निघते.

आपल्याकडे कोयता, फुटलेला काचेचा ग्लास, मांजा यांनी झालेली जखम लहान दिसते आणि घाईत कातडीला टाके पडतात. मूठ आवळलेली असताना वार बसला असेल, तर बोट सरळ केल्यावर कंडरेचा काप जखमेखाली सापडतही नाही, तो टोकाकडे सरकलेला असतो. मनगटाकडचं टोक मात्र स्नायूने तळव्यात ओढलेलं असतं. तेव्हा एवढं करा: बोटाला किंवा तळव्याला काप बसला, तर टाके पडण्याआधी सुरुवातीच्या त्या दोन चाचण्या करायला सांगा, आणि पेर वाकत नसेल तर त्याच दिवशी हाताच्या शल्यविशारदाकडे जा.