आहारतक्त्याचा चौथा रकाना



बालरोगतज्ज्ञांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद मला दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. वर्षाचा लेखाजोखा कार्यवाहांनी सकाळी मांडलाच आहे. मी माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी चार वर्षांच्या एका मुलीला तिची आई माझ्याकडे आणत असे. मुलीचे वजन उंचीच्या मानाने बरेच जास्त होते. मी आहारतक्ता दिला: बिस्किटे बंद, फरसाण बंद, गोड आठवड्यातून एकदा. तीन भेटी झाल्या, काटा पुढेच सरकत राहिला. चौथ्या भेटीत जरा चिडूनच विचारले, "अहो, तक्ता पाळता की नाही?" आई मान खाली घालून म्हणाली, "दिवसा पाळते हो डॉक्टर. रात्रीचं नाही जमत."

मग सगळे समजले. वडील भोसरीच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला, घरी यायला साडेबारा. घर एका खोलीचे. दिवा लागला की मुलगी उठायची. जेवता जेवता कर्जाच्या हप्त्यावरून आवाज चढायचे, ती रडायला लागायची, आणि तिला गप्प करायला दुधात बुडवलेली बिस्किटे हातावर यायची. पुन्हा डोळा लागायला दोन वाजायचे आणि सकाळी सातला बालवाडीची रिक्षा दारात. माझ्या तक्त्यात सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीनच रकाने होते. जे घडत होते ते रात्री घडत होते.

आपण गुटगुटीत बाळाला बक्षीस देणाऱ्या समाजात वाढलो. सुदृढ बालक स्पर्धेत परीक्षक म्हणून बसलेले काही जण या सभागृहातही असतील. मूल अंगाने भरले की आपण 'काय खाते?' विचारतो, 'कसे झोपते?' आणि 'कशाला घाबरते?' हे प्रश्न राहून जातात.

हे प्रश्न नवे नाहीत. अमेरिकेत सॅन दिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणाचा उपचारवर्ग चालवत. १९८०च्या दशकात त्यांच्या लक्षात आले की ज्यांचे वजन चांगले उतरत होते, तेच रुग्ण मध्येच वर्ग सोडून जात होते. त्यांच्याशी बोलताना एकामागून एक लहानपणीच्या अत्याचाराच्या हकिगती बाहेर आल्या. त्यातूनच पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासह सतरा हजारांहून अधिक प्रौढांचा अभ्यास उभा राहिला. त्याचा पहिला निबंध १९९८ साली छापला गेला. बालपणीचे आघात जितके अधिक, तितके मोठेपणीचे आजार अधिक, असे त्यात दिसले. त्यांत अतिलठ्ठपणाही होता.

शरीरात हे कसे उतरते, ते आपण शिकलोच आहोत. कॉर्टिसॉल पहाटे चढावे आणि रात्री उतरावे, हा नेम. घरात सतत धास्ती असली की हा नेम बिघडतो, झोप तुटते. आणि झोप तुटली की भूक बिघडते. शिकागोत २००४ साली बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले. दहा तास झोपलेल्या रात्रींच्या तुलनेत पोट भरल्याची खबर देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, तर भूक लावणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले. ते प्रौढ होते, हे खरे. पण मॅसॅच्युसेट्समध्ये ९१५ बालकांच्या पाहणीत, पहिल्या दोन वर्षांत दिवसाकाठी बारा तासांहून कमी झोपलेल्या मुलांत तिसऱ्या वर्षी स्थूलतेची शक्यता सुमारे दुप्पट आढळली.

दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे मान्य. म्हणूनच पेनसिल्व्हेनियातला २७९ मायलेकरांवरचा प्रयोग मला मोलाचा वाटतो. परिचारिकांनी घरी जाऊन पहिलटकरणींना शिकवले की प्रत्येक रडणे भुकेचे नसते. आधी थोपटा, कुशीत घ्या, झोपेची वेळ ठरवा. तिसऱ्या वर्षी त्या मुलांचा बीएमआय इतरांहून कमी निघाला. फरक लहान होता, पण त्यासाठी औषधाची एक गोळीही लागली नव्हती.

आपल्याकडे तर अधिक सावध राहायला हवे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की आपले बाळ वजनाने कमी भरले, तरी त्याच्या अंगात चरबीचा वाटा मोठा असतो. काट्यावर बारीक आणि आतून स्थूल! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील जादा वजनाच्या बालकांचे प्रमाण २.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले. आकडा लहान दिसतो, पण त्याच पाहणीत ३५.५ टक्के बालके खुरटलेली आढळली. दोन्ही संकटे एकाच अंगणात आहेत.

म्हणून तीन विनंत्या. पहिली, लसीकरणाच्या प्रत्येक भेटीत झोपेचे तास विचारून वाढीच्या तक्त्यावर लिहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेले माप सोपे आहे: चार ते अकरा महिने, १२ ते १६ तास; एक-दोन वर्षे, ११ ते १४; तीन-चार वर्षे, १० ते १३. दुसरी, आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका. एका खोलीचे घर आणि रात्रपाळी तिने निवडलेली नसते. वडिलांना आणि आजीलाही बोलावून घ्या. तिसरी विनंती अशी: चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. आपापल्या गावात तो पाळला जातो का, हे विचारायला डॉक्टरांनी पुढे व्हावे.

त्या मुलीच्या घरी आम्ही मोठे काही केले नाही. वडील जिन्यातल्या दिव्याखाली जेवू लागले, हप्त्याची बोलणी रविवार सकाळवर गेली, मुलगी उठलीच तर आई पाठीवर थोपटू लागली. वजन उतरले नाही. नुसते वाढायचे थांबले आणि उंचीने त्याला हळूहळू गाठले.

उद्या ओपीडीत बसाल तेव्हा छापील आहारतक्त्यावर पेनाने एक रेघ ओढा आणि चौथ्या रकान्यावर 'रात्र' असे लिहा. तो रकाना भरून झाल्याशिवाय बिस्किटे बंद करायला सांगू नका.