उरलेल्या तेलाचा हिशेब

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मुलुखापासून दूर वाढणाऱ्या आमच्या मुलांना चकलीची चव कळावी, म्हणून मंडळाच्या दिवाळी-फराळाची कढई पन्नास वर्षे चढत आली आहे. उरलेले तेल गाळून पुढील कार्यक्रमासाठी जपणे, ही आमची जुनी काटकसर. वर्गणीच्या पैशांचे तेल टाकून देण्यास मन धजत नाही. आज त्याच तेलाविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

तेल पुनःपुन्हा तापविले म्हणजे हवेतील प्राणवायूमुळे त्यातील मेदाम्ले फुटून अल्डिहाइडे निर्माण होतात. धुरावलेल्या कढईपाशी डोळे झोंबतात, ते मुख्यतः ॲक्रोलीन या अल्डिहाइडामुळे. लिनोलेइक अम्लाने युक्त अशा करडईच्या तेलापासून हायड्रॉक्सिनोनेनल निपजते. ही द्रव्ये पेशींतील प्रथिनांना बिलगतात आणि त्यांचे कार्य बिघडवितात.

परंतु या बिलगण्यातच उताराही आहे. प्रथिने ॲमिनो अम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी सिस्टीन, लायसीन व हिस्टिडीन यांच्याकडे अल्डिहाइडे विशेष ओढली जातात. अन्नातच सुट्या ॲमिनो अम्लाशी गाठ पडली, तर ती तेथेच बांधली जातात. सिस्टीनशी जोडले गेलेले ॲक्रोलीन प्रयोगशाळेतील पेशींना मोकळ्या ॲक्रोलिनापेक्षा कमी बाधते, असे आढळले आहे. आपले यकृतही हीच युक्ती योजते. तेथील ग्लुटाथायोन तीन ॲमिनो अम्लांचे बनलेले असून त्यातील सिस्टीन अल्डिहाइडांना अडविते.

मग जुने तेल वापरण्यास हरकत कोणती? हरकत आहे. जुळलेले काही बंध पुन्हा सुटू शकतात. शिवाय प्रत्येक ॲमिनो अम्ल उपकारकच ठरते असे नाही. तळलेल्या बटाट्यात ॲक्रिलामाइड असते, हे २००२ साली स्वीडनमध्ये उघडकीस आले. त्याचे मूळ बटाट्यातील ॲस्परजीन या ॲमिनो अम्लातच सापडले. आपल्या देशातही १ जुलै २०१८ पासून, ज्यातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झाली आहेत असे तेल खाद्यव्यावसायिकांना वापरता येत नाही.

पहारेकरी आहे म्हणून कोणी दार उघडे टाकीत नाही. तेव्हा यंदा कढई लहान घ्यावी, तेल बेताचे ओतावे, धूर निघू देऊ नये, आणि तळणाचे तेल पुढच्या कार्यक्रमासाठी ठेवू नये, अशी आमची विनंती आहे. काटकसर सोडावयाची नाही. ती तेल ओततानाच करावयाची आहे.