मुलगी सांगते तेव्हा आपण काय करतो?

(महिला मेळाव्यात आदिवासी मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकेने केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात मी वसतिगृहाचा अहवाल देते. किती मुली दहावी पास झाल्या, कोण नर्सिंगला गेली, तांदूळ किती लागला. तुम्ही आनंदाने ऐकता आणि दान देता. यंदा तो अहवाल छापून वाटला आहे, तो घरी वाचा. आज मला एका अवघड विषयावर बोलायचे आहे. शाळेत, वसतिगृहात, कॉलेजात मुलींवर होणारा लैंगिक अत्याचार, आणि तो झाल्यावर आपण, म्हणजे मिशनची आणि मंडळीची माणसे, काय करतो.

सुरुवात पवित्र शास्त्रापासून करते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायावर आपल्याकडे फार उपदेश होत नाहीत. दावीद राजाची मुलगी तामार हिच्यावर तिचा सावत्र भाऊ अम्नोन याने बलात्कार केला. तो अध्याय नीट वाचला तर दिसते की त्या घरात पुष्कळ माणसे होती. योनादाबाने युक्ती सांगितली. बापाने स्वतः निरोप पाठवून तिला अम्नोनाच्या घरी पाठवले. त्याला काही ठाऊक नव्हते. चाकराने तिला बाहेर काढून दार लावले. नंतर ती डोक्यात राख घालून रडत गेली, तेव्हा सख्ख्या भावाने तिला गप्प राहायला सांगितले, तो तुझा भाऊच आहे म्हणाला. राजाला कळले, तो संतापला, आणि त्याने काहीच केले नाही. तामार मात्र भावाच्या घरात उदास होऊन राहिली. पुढे तिचे काय झाले ते शास्त्रात नाही.

मी हा अध्याय अनेकदा वाचला आहे. मला त्यात अम्नोनापेक्षा दावीद जास्त टोचतो, कारण दावीदाच्या जागी मी एकदा होते.

ही गोष्ट जुनी आहे, मी दुसऱ्या एका वसतिगृहात नवीन होते तेव्हाची. गाव, वर्ष, मुलीची इयत्ता सांगणार नाही. दिवाळीच्या सुटीनंतर एक मुलगी परत आली ती गप्प गप्पच. पोट दुखते म्हणायची. मी ओव्याचे पाणी दिले. रात्री स्वयंपाकाच्या मावशींजवळ झोपू द्या म्हणायची. मी तिला शिस्त सांगितली. एकदा माझ्याजवळ उभी राहून पावरी बोलीत काहीतरी म्हणाली. मला तेव्हा पावरी येत नव्हती. हजेरीचे रजिस्टर समोर होते. मी म्हणाले, "नंतर सांग."

ते "नंतर" आलेच नाही. तिचे वडील आले आणि पेटी उचलून तिला घेऊन गेले. मग मावशींनी सांगितले की वसतिगृहात नेहमी येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने तिच्याशी वाईट केले होते. कमिटी बसली. संस्थेचे नाव जाईल, दान बंद होईल, बाकीच्या मुलींचे आईबाप त्यांना काढून नेतील, असे ठरले. त्या माणसाला "इकडे येऊ नको" म्हणून सांगण्यात आले. कागदावर एक ओळ लिहिली नाही. मी त्या बैठकीत होते. मला राग आला होता, पण मी बोलले नाही. मुलीची शाळा तिथेच संपली.

आज तसे गप्प बसले तर तो गुन्हा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर अत्याचार झाल्याचे ज्याला कळते, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. अधीक्षिका असो, शिक्षक असो की पाळक, कोणालाही सूट नाही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आधी खात्री करून घेऊ, कमिटीत चौकशी करू, मग बघू, हे कायद्याला मान्य नाही. खरेखोटे करणे पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. आणि गुन्हेगार शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेतलाच माणूस असेल तर कायदा त्याला अधिक कडक धरतो. बलात्कारासाठी किमान वीस वर्षांची शिक्षा आहे.

हे कायदे आकाशातून पडले नाहीत. १९७२ साली आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडले, कारण मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तेव्हापासून पीडितेचे नाव उघड करणे गुन्हा ठरले, आणि ज्यांच्या ताब्यात बाया-मुले असतात अशा संस्थांच्या माणसांसाठीही जास्त शिक्षा आली. एका गरीब, अनाथ आदिवासी मुलीमुळे सगळ्या देशातल्या मुलींना हे संरक्षण मिळाले. तिला स्वतःला मात्र न्याय मिळाला नाही. तिचे नाव पुस्तकांत आहे. मी घेत नाही.

आता आमच्याकडच्या मुलींची परिस्थिती सांगते. अक्कलकुवा, धडगावकडच्या मुली घरी पावरी, भिली बोलतात. नवापूरकडच्या मावची बोलतात. शरीराच्या त्या भागांची मराठी नावे त्यांना येत नाहीत, आणि आपल्याला त्यांच्या बोलीतली येत नाहीत. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात. घराला कुलूप. मुलीला सांगायचे असले तरी सांगणार कोणाला? फोन लागला तर बापाचा, तोही फडावर चार माणसांत उभा. आणि गावात गोष्ट पंचांपुढे गेली की दंड ठरतो, पैसे बापाला मिळतात, प्रकरण मिटते. आपण पंचांना नावे ठेवायला नको. आमच्या कमिटीने काय वेगळे केले होते?

मुलगी सांगते तेव्हा काय करायचे, ते आम्ही आता भिंतीवर लावले आहे. तुम्हीही ऐकून ठेवा, कारण मुलगी तुमच्या घरातलीही असू शकते.

पहिले, हातातले काम ठेवा आणि ऐका. "तू तिथे गेलीसच का" हे विचारू नका. "तू सांगितलेस ते बरे केलेस, चूक तुझी नाही," एवढे म्हणा. पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. "ज्यांनी मदत करायची त्यांनाच सांगेन" म्हणा.

दुसरे, दवाखाना. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक दवाखान्याने मोफत उपचार दिलेच पाहिजेत. आधी पोलिसांचा कागद आणा असे म्हणून उपचार अडवता येत नाहीत. बहात्तर तासांच्या आत पोचले तर गर्भ राहू नये म्हणून आणि एचआयव्ही होऊ नये म्हणून औषधे देता येतात. जितके लवकर तितके चांगले. धडगावच्या बाजूने घाट उतरून नंदुरबारला यायचे तर अर्धा दिवस मोडतो, म्हणून सकाळच्या एसटीची वाट पाहत बसू नये. कपडे धुवू नयेत, कागदी पिशवीत ठेवावेत. मुलीने अंघोळ केली असेल, दिवस उलटले असतील, तरी न्यावे. तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची, मुलीच्या विश्वासाचे माणूस जवळ असताना. ती जुनी दोन बोटांची चाचणी कोणी करू लागले तर थांबवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की ती करणे हे गैरवर्तन आहे.

तिसरे, पोलीस. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आणि ११२ हा पोलिसांचा, दोन्ही फुकट लागतात. मुलीला ठाण्यात न्यायची गरज नाही. ती जिथे राहते तिथे किंवा ती म्हणेल तिथे जबाब घेता येतो. शक्यतो महिला अधिकारी, आणि अंगावर गणवेश नको. रात्री मुलीला ठाण्यात ठेवता येत नाही. तिची बोली जाणणारा दुभाषी मागण्याचा तिला हक्क आहे. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचे असते, आणि समिती मुलीला सोबतीचे माणूस देऊ शकते, जे खटला संपेपर्यंत तिच्याबरोबर राहते. आरोपी आदिवासी समाजाबाहेरचा असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू शकतो. जातीचा दाखला हाताशी ठेवा. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्यही मिळते.

ज्या मुली अठरा पूर्ण करून शहाद्याला, नाशिकला कॉलेजात जातात, त्यांनाही आम्ही निघताना सांगतो. प्रत्येक कॉलेजात अंतर्गत समिती असावीच लागते. अध्यक्ष स्त्री, निम्म्या तरी स्त्रिया, एक सदस्य संस्थेबाहेरचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरण असेल तर विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची. शिक्षक गुणांची भीती घालतो, वर्गातला मुलगा फोटोची धमकी देतो, हे सगळे तिथे नेता येते. पोलिसांत जायचा रस्ताही खुला राहतो. आमच्या मुलींना पहिल्या आठवड्यातच समितीच्या बाईंना जाऊन भेटायला सांगतो. गरज पडेल तेव्हा तोंडओळख असावी.

आणि आधीच काळजी घेणे? काही ठिकाणी सुटीवरून आलेल्या मुलींची गर्भचाचणी करतात, असे वर्तमानपत्रांत आले आहे. ती काळजी नव्हे, मुलीवर संशय आहे. आमची काळजी साधी आहे. संडास-न्हाणीला आतून कडी आणि बाहेर दिवा. रात्री दोन बाया मुक्कामी. नोकरीवर घेण्याआधी प्रत्येकाची पोलीस पडताळणी. २०२० च्या पॉक्सो नियमांत ती सांगितलीच आहे. कोणत्याही पुरुषाने, मग तो संचालक असो की पाळक, मुलीला एकटीला खोलीत बोलवायचे नाही. आणि प्रत्येक बोलीची एक तरी बाई अशी, जिच्याजवळ मुलगी कधीही जाऊन बसू शकते. मी स्वतः पावरी शिकले. उशिरा शिकले.

आता तुमच्याकडे मागणे. यंदा पैशाचे मागणे एकच आहे: रात्रीच्या दुसऱ्या बाईचा पगार, आणि अडीनडीला गाडी. बाकीची मागणी पैशाची नाही.

वसतिगृहाला भेट द्यायला जरूर या. पण येण्याआधी कळवा, वहीत नाव लिहा, मुलींचे फोटो काढू नका. फाटकावर मावशींनी अडवले तर रागावू नका. तुम्ही देणगीदार आहात म्हणून त्या कचरल्या, तर उद्या दुसऱ्या कोणासाठीही कचरतील.

आमच्याकडे काही घडले असे कानावर आले तर "प्रार्थनेसाठी" म्हणून मुलीचे नाव विचारू नका. मी सांगणार नाही. प्रार्थनेच्या ग्रुपवर एक नाव पडले की संध्याकाळपर्यंत ते तिच्या गावात पोचते. असे नाव पसरवणे कायद्याने गुन्हा आहेच, पण त्याआधी ते त्या मुलीवर पुन्हा केलेले दुःख आहे. प्रभू तिला नावाने ओळखतो. आपण नाव न घेता प्रार्थना करू शकतो.

आणि कृपा करून मुलीला क्षमेचा उपदेश लगेच करू नका. क्षमा आपल्या विश्वासाच्या मुळाशी आहे, ते मीही मानते. पण ती करायची तर तिने, तिच्या वेळेला. आपण तिच्या वतीने क्षमा करून फाइल बंद करतो, तेव्हा आपण अबशालोमाचेच बोलणे बोलतो: गप्प राहा, आपलाच माणूस आहे.

शेवटी एक सांगते. असे काही बाहेर आले तर आपल्या मिशनचे नाव खराब होईल, ही भीती आजही कमिटीत निघते. मी तेव्हा विचारते, ज्या वसतिगृहात कधीच काही कळत नाही ते सुरक्षित आहे, की तिथे मुलींना सांगायला कोणी नाही? एखाद्या वर्षी आमच्या अहवालात "एक तक्रार पोलिसांना कळवली" असे वाक्य दिसले, तर दान थांबवू नका. एका मुलीने सांगितले आणि कोणीतरी ऐकले, असा त्याचा अर्थ घ्या.

ती मुलगी आता मोठी बाई झाली असेल. कदाचित तिचीही मुलगी कुठल्या तरी वसतिगृहात असेल. तिथल्या बाईने रजिस्टर बाजूला ठेवावे, एवढीच माझी रोजची प्रार्थना आहे.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.