बुफेतला ‘टी’



आमच्या आसेगावात लग्नाच्या पंगतीशेजारी आता बुफेही आला आहे. कोणी त्याला ‘बफे’ म्हणतं, कोणी स्पेलिंग वाचून ‘बफेट’. ‘बफेट’ ऐकलं की शहरातला पाहुणा गालातल्या गालात हसतो. आज त्या हसण्याविषयी थोडं बोलायचं आहे.

शब्द मूळचा फ्रेंच. त्या भाषेत शेवटचा ‘टी’ बहुधा लिहितात, पण उच्चारत नाहीत, म्हणून बुफे. ‘ऑम्लेट’मध्ये टीच्या पुढे ‘ई’ आहे, म्हणून तिथे तो ऐकू येतो. इंग्रजीनं मात्र हा नियम सोयीनं पाळला. बुफेतला टी गाळला आणि रेस्टॉरंटमधला ठेवला. फ्रेंच माणूस ‘रेस्तोराँ’ म्हणून थांबतो. ‘फिलेट’चा टी तर इंग्लंडमध्ये उच्चारतात, अमेरिकेत गाळतात. म्हणून इंग्रजाला कोणी अडाणी म्हणत नाही.

आपणही तेच केलं. पोर्तुगिजांकडून पाव घेतला, पण त्यातला नाकातला सूर त्यांच्याकडेच राहिला. फारसीत ‘शीर’ म्हणजे दूध, ‘खुर्मा’ म्हणजे खजूर. ईदला आमच्याकडे शिरखुर्मा होतो. शेजारच्या काकू त्याला ‘शिरकुर्मा’ म्हणतात. फारसीतला घशातला ‘ख’ वऱ्हाडी जिभेवर कुठून यावा? वाटी तर दोघांकडेही रिकामीच होते.

हे मी चवीपुरतं सांगत नाही. मुशायऱ्यात माझ्या ‘ख’ला नुक्ता नाही म्हणून भुवया उंचावतात, मराठी कविसंमेलनात वऱ्हाडी हेल ऐकून. कविता ऐकण्याआधीच कवीचं माप घेतलं जातं.

मग शुद्ध उच्चाराला किंमत नाही का? आहे. मुंबईत १९५४ साली सुरू झालेली, आता दादरला असलेली हॉटेल मॅनेजमेंटची सरकारी संस्था आहे. अशा ठिकाणी खेड्यातली मुलगी शिकायला गेली, तर ‘ज्यूलियन’ म्हणजे काडीसारखी बारीक चिरलेली भाजी, ‘कॉन्सोमे’ म्हणजे नितळ केलेलं सूप, हे तिला नीट ऐकता आणि म्हणता आलंच पाहिजे. भरल्या स्वयंपाकघरात ऑर्डर चुकून चालत नाही. तिथे उच्चार हे सुरीसारखंच हत्यार आहे.

ते हत्यार तिच्या हाती द्यायचं, की तिच्यावरच उगारायचं, एवढाच प्रश्न आहे. शब्द चुकला तर बाजूला घेऊन सांगावं. चारचौघांत हसलं, तर पुढच्या वेळी ती बरोबर म्हणणार नाही, श्रोतेहो; ती बोलणारच नाही.