देवळाची पायरी आणि रुग्णाची खाट
(कलशारोहण समारंभाच्या दिवशी सायंकाळी सभामंडपात केलेले भाषण)



आज सकाळी कळस चढला. वर्गणी देणारे, दगड वाहणारे, मुंबई-पुण्याहून रजा काढून आलेले, अशा सर्वांचे हात या कामाला लागले. समितीने मला दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा देवळाच्या बांधकामाविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही, हे मी प्रथमच सांगितले. मी शाळामास्तर. मला बोलायचे आहे ते या पायरीपर्यंत येऊ न शकणाऱ्या माणसांविषयी. आज या घटकेला आपल्या गावातली काही माणसे शहरातल्या इस्पितळात खाटेवर पडून आहेत आणि त्यांची घरची माणसे बाहेरच्या बाकावर बसून आहेत. देवाला जाता येत नाही त्याच्याकडे देवाच्या माणसांनी जावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रथम माझी चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी माझा एक स्नेही आजारी होता. मी अंगारा घेऊन भेटीला गेलो आणि मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "अरे, हे प्रारब्धाचे भोग. भोगूनच संपवायचे." तो काही बोलला नाही. त्याने भिंतीकडे तोंड फिरवले. मला वाटले, त्याला झोप आली. झोप नव्हती ती. पुढे माझी पत्नी त्याच वाटेने गेली, तेव्हा मला ते भिंतीकडे फिरलेले तोंड आठवले. कारण आता तसलेच शब्द लोक मला ऐकवीत होते. कोणी म्हणे कुलदेवतेचे राहिले असेल, कोणी म्हणे कोणाचा तळतळाट. दुखण्याने वाकलेल्या माणसाच्या पाठीवर आपण वर अपराधाचे ओझे ठेवतो, आणि त्याला धर्म म्हणतो!

त्याच दिवसांत गावातला एक तरुण रात्री डबा घेऊन आला. उपदेश नाही, चौकशांचा भडिमार नाही. "गुरुजी, तुम्ही जरा आडवे व्हा, मी जागतो," एवढेच म्हणाला. मी चार रात्रींनंतर झोपलो. पहाटे वॉर्डातल्या मावशींनी विचारले, "बाईंना काही म्हणायची सवय होती का हो?" मी म्हटले, हरिपाठाची. "मग कानाशी हळू म्हणा की." मी म्हटला. तिचे ओठ हलले. ती वाचली नाही. पण तिची शेवटची पहाट एकटेपणात गेली नाही, आणि माझीही नाही. त्या तरुणाने आणि त्या मावशींनी जे केले त्याला मी पूजा म्हणतो.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. परिचारकाच्या गुणांमध्ये सेवेचे ज्ञान, दक्षता व शुचिता यांच्या बरोबरीने अनुराग, म्हणजे रोग्याविषयीचे प्रेम, गणला आहे. गाडगे महाराजांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या दशसूत्रीत रोग्यांच्या औषधोपचाराला स्थान आहे. पश्चिमेकडे डॉ. सिसिली सॉन्डर्स या बाईंनी 1967 साली लंडनला असाध्य रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स ही संस्था काढली. वेदना केवळ शरीराची नसते, मनाची, घरच्या काळजीची आणि आत्म्याचीही असते, असे त्या सांगत. 1986 साली मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना सदन सुरू झाले, तेही अशाच रुग्णांसाठी.

आता आपण काय करावे? रुग्णाला भेटायला जाताना आधी कान न्यावेत, तोंड मागाहून. पुष्कळदा त्याला मोक्षाची चिंता नसते. म्हशीची धार कोण काढते, उसाला पाणी मिळाले का, मुलीच्या परीक्षेचे काय झाले, हे त्याला खात असते. त्याची खरी खबर आणून द्यावी. त्याच्या जीवाला तेवढ्याने जी शांती मिळते ती मोठ्या प्रवचनाने मिळत नाही. तो रडला तर रडू द्यावे. "देवाने मलाच का?" असे त्याने विचारले तर उत्तर देण्याची घाई करू नये, हात हातात घ्यावा.

तीर्थ-प्रसाद अवश्य न्यावा, पण सिस्टरांना विचारून द्यावा. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला उपाशी ठेवलेले असते, मूत्रपिंडाच्या रोग्याचे पाणी मोजून असते, मधुमेह्याला पेढा चालत नाही. अंगारा जखमेला लावू नये. प्राणवायू चालू असेल तेथे उदबत्ती पेटवू नये. भजन त्याने मागितले तरच, आणि शेजारच्या खाटेवरच्याची झोप मोडणार नाही इतक्या हळू आवाजात. नवस बोला आणि औषध थांबवा, असे जो सांगेल त्याला आपल्या देवळाचा माणूस म्हणू नये. आजारी माणूस गावातला मुसलमान किंवा ख्रिस्ती असेल, तर त्याला त्याचा मौलवी किंवा पाद्री भेटावा म्हणून निरोप पोचवणे हेही आपलेच काम.

आणि बाकावरच्या माणसाला विसरू नका. औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन तो धावत असतो, आत काय चालले आहे ते त्याला कळत नसते, आणि तो जेवला का हे कोणी विचारीत नाही. दुर्दैवाने वाईट घडले, तर कागदपत्रे, गाडी आणि घरी कळवणे ही कामे त्याच्यावर एकट्यावर पडू देऊ नयेत. तेरावा झाला म्हणून त्या घरची वाटही सोडू नये. खरे रिकामेपण त्यानंतर सुरू होते.

समितीला माझी एकच विनंती आहे. देणगीच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवा. गावातले कोण कोणत्या इस्पितळात आहे ते एका बाजूला, आणि आठवड्यातली एक रात्र सोबतीला जाणाऱ्यांची नावे दुसऱ्या बाजूला. सभामंडप धुण्याच्या पाळ्या आपण लावल्याच आहेत, तशीच ही पाळी. पैसा फारसा लागणार नाही. पहिले नाव माझे लिहा. वय झाले आहे, पण बाकावर बसून जागायला अजून येते.

कळस लांबून दिसतो, हे खरे. पण खाटेवरून तो दिसत नाही. तेथवर तो आपण पोचवला, तर हा जीर्णोद्धार पुरा झाला असे मी समजेन. ग्रामदेवतेच्या चरणी हीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.